यू-कोड आला म्हणजे ईसीयू गेला असं नाही: गाडीतल्या मॉड्यूलमधला संवाद तुटल्यावर तपास कसा करायचा

पावसाळा सुरू झाला की गॅरेजमध्ये हमखास येणारी एक तक्रार आहे. डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये एबीएसचा (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकचा), स्टेअरिंगचा आणि इंजिनचा दिवा एकदम लागलाय, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर पडलाय, पण गाडी चालतेय. स्कॅनर लावला की यू अक्षराने सुरू होणारे, म्हणजे संपर्क बिघडल्याचं सांगणारे, चार-पाच कोड दिसतात आणि बऱ्याच ठिकाणी तिथेच निकाल लागतो: एबीएस मॉड्यूल गेलं, बदलावं लागेल. मॉड्यूल किंवा ईसीयू म्हणजे गाडीतली एकेक यंत्रणा चालवणारा छोटा कॉम्प्युटर. नवं मॉड्यूल आणून कोडिंग (ते त्या गाडीशी जुळवून घेणं) करेपर्यंत गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात. दुखणं मात्र अनेकदा गंजलेल्या अर्थच्या (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीच्या) बोल्टखाली किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरमध्ये असतं. मॉड्यूल खराब होत नाहीत असं मी म्हणत नाही. पण सप्लाय, अर्थ आणि संवादाच्या दोन वायरी निर्दोष आहेत हे मीटर लावून सिद्ध केल्याशिवाय मॉड्यूलवर ठपका ठेवू नये, आणि हे सिद्ध करायला बहुतेक वेळा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

आधी व्यवस्था समजून घ्या

मॉड्यूलनी एकमेकांशी बोलावं म्हणून बॉशने विकसित केलेली कॅन ही पद्धत १९८६ मध्ये जगासमोर आली. त्याआधी प्रत्येक माहितीसाठी वेगळी वायर ओढावी लागे. कॅनमध्ये सगळी मॉड्यूल एकमेकांत पिळलेल्या दोन वायरींवर बोलतात: एक कॅन-हाय, दुसरी कॅन-लो. कोणी बोलत नसताना दोन्हींवर साधारण २.५ व्होल्ट असतात. मॉड्यूल बोलायला लागलं की हाय ३.५ पर्यंत वर जाते आणि लो १.५ पर्यंत खाली येते. समोरचं मॉड्यूल दोन्ही वायरींमधला फरक वाचतं, त्यामुळे इग्निशन कॉइलचा किंवा मोटरचा गोंधळ दोन्हींवर सारखाच आला तरी संदेश बिघडत नाही. या मुख्य लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, बहुतेक वेळा टोकाच्या मॉड्यूलच्या आतच बसवलेला. दोन्ही समांतर असल्यामुळे मीटरवर ६० ओहम दिसतात. पुढचा अर्धा तपास या एका आकड्यावर चालतो.

काच, आरसे, वायपर, पावसाचा सेन्सर अशी हलकी कामं बऱ्याच गाड्यांत लिन या एका वायरीच्या लाइनवर असतात. ती १२ व्होल्टवर चालते आणि तिला ६० ओहमचा हिशेब लागू नाही. काही गाड्यांच्या बॉडी लाइनवर कमी वेगाचं, बिघाड सोसणारं कॅन असतं, त्याचे रेझिस्टरही वेगळ्या पद्धतीने बसवलेले असतात. म्हणून त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम हाताशी ठेवा. त्याशिवाय पुढे गेलात तर चांगल्या लाइनलाही खराब ठरवाल.

पायरी १: हात लावण्याआधी विचारा आणि लिहून ठेवा

मालकाला नेमकं विचारा. बिघाड कधीपासून आहे? त्याआधी गाडी धुतली होती का, पाण्यातून काढली होती का? बॅटरी बदलली, जंप स्टार्ट केली, समोरून ठोकर बसून पत्र्याचं काम झालं? नवीन म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, रिमोट लॉक किंवा जीपीएस ट्रॅकर बसवला? बाहेरून बसवलेल्या वस्तूंची माहिती मालक आपणहून देत नाही, कारण त्याच्या मते तिचा याच्याशी संबंधच नसतो. गाडी बरेच दिवस उभी होती का, हेही विचारा. कोकणात किंवा शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बोनेटखाली घूस-उंदीर घर करतात आणि वायरिंग कुरतडतात.

मग स्कॅनरने फक्त इंजिन न बघता सगळ्या मॉड्यूलचं पूर्ण स्कॅन करा आणि ते जपून ठेवा. कोड लगेच क्लिअर करू नका. कोणता कोड चालू आहे आणि कोणता जुना, हा फरक एकदा पुसला की पुन्हा मिळत नाही.

स्कॅनर कुठल्याच मॉड्यूलशी बोलत नसेल तर आधी ओबीडी पोर्ट, म्हणजे स्कॅनर लावायचं सॉकेट, बघा. १६ नंबरच्या पिनवर थेट बॅटरीचा सप्लाय हवा, ४ आणि ५ वर अर्थ हवा. कित्येक गाड्यांत या पोर्टचा फ्युज १२ व्होल्टच्या चार्जिंग सॉकेटशी सामाईक असतो. सॉकेटमध्ये काहीतरी शॉर्ट झालं, फ्युज उडाला, आणि स्कॅनर गप्प. तोच स्कॅनर दुसऱ्या चालत्या गाडीला लावून बघा.

पायरी २: कोण कोणाची तक्रार करतंय, ते मांडा

यू०१०० म्हणजे इंजिन ईसीयूशी संपर्क नाही, यू०१०१ म्हणजे गिअरबॉक्सच्या मॉड्यूलशी नाही, यू०१२१ एबीएसशी, यू०१४० बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी, यू०१५५ मीटर कन्सोलशी. यातली मेख अशी की हा कोड गायब झालेल्या मॉड्यूलमध्ये नसतो, त्याची वाट बघणाऱ्या मॉड्यूलमध्ये असतो. मीटर कन्सोलमध्ये यू०१२१ सापडला तर मीटर आणि त्याची लाइन जिवंत आहे, त्याला एबीएसचा संदेश मिळालेला नाही, एवढंच सिद्ध होतं. कोड साठवणारं मॉड्यूल बदलून काहीही साधत नाही.

कागदावर दोन रकाने पाडा: स्कॅनरला उत्तर देणारी मॉड्यूल आणि न देणारी. उत्तर देणाऱ्या प्रत्येकाने कोणाबद्दल तक्रार केलीय, ते समोर लिहा. चित्र साधारण तीन प्रकारचं निघतं. सगळे एकाच मॉड्यूलचं नाव घेत असतील आणि तेच उत्तर देत नसेल, तर त्याचा सप्लाय, अर्थ किंवा त्याच्यापर्यंत येणारी फांदी बघायची. तीन-चार मॉड्यूल एकदम गायब असतील तर त्यांच्यात सामाईक काय आहे ते डायग्राममध्ये शोधा: एकच फ्युज, एकच अर्थ पॉइंट, एकच जॉइंट कपलर (वायरी एकत्र येतात तो जोड) किंवा गेटवे (वेगवेगळ्या लाइनी एकमेकींना जोडणारं मॉड्यूल). कोणीच कोणाशी बोलत नसेल तर मुख्य लाइनच शॉर्ट आहे किंवा तुटली आहे.

इथे एक खबरदारी घ्या. स्कॅनर ‘उत्तर नाही’ म्हणतो ते मॉड्यूल त्या गाडीत मुळात असेलच असं नाही. स्वस्तातले स्कॅनर सगळ्या व्हेरियंटची यादी चाचपत जातात. खालच्या व्हेरियंटमध्ये टायर प्रेशरचं किंवा पार्किंग सेन्सरचं मॉड्यूल नसेल तर ते उत्तर कुठून देणार?

यू०४०१ सारखे कोड वेगळे. संदेश मिळाला, पण त्यातली माहिती पटण्यासारखी नव्हती, असं ते सांगतात. तिथे वायरिंगच्या मागे न लागता संदेश पाठवणाऱ्या मॉड्यूलमधले त्याचे स्वतःचे कोड आधी सोडवा.

पायरी ३: बॅटरी

ही पायरी गाळू नका. सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं की मॉड्यूल क्षणभर बंद पडतात आणि एकमेकांविरुद्ध यू-कोड टाकून मोकळी होतात. बंद गाडीत चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, आणि सेल्फ मारताना ते साधारण ९.६ च्या खाली जाऊ नयेत. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर साफ करा, इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी घट्ट आहे ना बघा. सगळे यू-कोड जुने असतील, आत्ता प्रत्येक मॉड्यूल उत्तर देत असेल आणि बॅटरी मरायला टेकलेली असेल, तर ती बदलून, कोड क्लिअर करून गाडी चालवून बघा. कित्येकदा तपास इथेच संपतो.

पायरी ४: सप्लाय आणि अर्थ, लोड देऊन

फ्युज डोळ्यांनी बघून चालत नाही. त्याच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा. मॉड्यूलला बहुधा दोन प्रकारचे सप्लाय येतात, एक कायमचा आणि एक चावी ऑन केल्यावर येणारा. दोन्ही तपासा.

नुसत्या मीटरने सप्लाय मोजणं फसवं असतं. वीस तारांपैकी एकच तार शिल्लक असलेल्या वायरमधूनही मीटरला १२ व्होल्ट दिसतील, कारण मीटर करंट ओढतच नाही. म्हणून चावी बंद करून मॉड्यूलचा कपलर काढा, चावी पुन्हा ऑन करा आणि त्याच्या सप्लाय पिन व अर्थ पिनमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर त्या दोन्ही वायरी पावणेदोन अँपिअरपर्यंतचा भार पेलतात. मंद पेटला तर दोष सापडला. पिन पसरू नये म्हणून जाड प्रोब आत खुपसू नका, योग्य मापाची टर्मिनल वायर वापरा. हा बल्ब कॅनच्या वायरींना किंवा एअरबॅगच्या कपलरला चुकूनही लावायचा नाही.

दुसरी कसोटी चालू गाडीत. कपलर जोडलेला असताना मीटरची काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, लाल प्रोब कपलरच्या मागच्या बाजूने मॉड्यूलच्या अर्थ पिनवर. हेडलाइट, ब्लोअर चालू करा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ संशयित आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर मॉड्यूलचा विचार सोडा आणि अर्थचा बोल्ट शोधा. तो खोला, पत्र्यावरचा रंग आणि गंज चकचकीत होईपर्यंत घासा, आयलेट साफ करा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

पायरी ५: ओहम

रेझिस्टन्स मोजताना लाइन झोपलेली, म्हणजे त्यावर कोणीही बोलत नसलेली, हवी. चावी काढा, दारं बंद करा, मॉड्यूल झोपेपर्यंत थांबा आणि मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. त्याआधी कोड लिहून घेतलेत ना, आणि म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का, हे बघून ठेवा. मीटर ओबीडी पोर्टच्या ६ (कॅन-हाय) आणि १४ (कॅन-लो) या पिनांवर लावा.

६० ओहमच्या आसपास दिसले तर मुख्य लाइन दोन्ही टोकांपर्यंत सलग आहे. १२० दिसले तर एक टोक तुटलंय: वायर कुठेतरी तुटली, किंवा रेझिस्टर असलेल्या मॉड्यूलचा कपलर निघालाय. ४० दिसले तर कुठूनतरी तिसरा रेझिस्टर आलाय. बाहेरून बसवलेलं उपकरण किंवा चुकीच्या व्हेरियंटचं मॉड्यूल बघा. शून्याजवळ म्हणजे हाय आणि लो एकमेकांना चिकटल्यात. हजारो ओहम किंवा ओपन म्हणजे पोर्टपासूनच लाइन तुटलीय.

पण नव्या गाड्यांत पोर्टची लाइन थेट गेटवेमध्ये जाते आणि मागच्या लाइनी पोर्टवरून दिसतच नाहीत. तिथे पोर्टवर मिळालेला आकडा फक्त पोर्ट ते गेटवे या तुकड्याचा असतो. एबीएसची लाइन मोजायची तर गेटवेच्या किंवा एबीएसच्या कपलरवरच मोजावी लागेल.

आणि ६० दिसले म्हणून लाइन चांगली, असं समजू नका. मुख्य लाइनपासून मॉड्यूलकडे जाणारी छोटी फांदी तुटली तरी ६० च दिसतात. एखादी वायर बॉडीला लागली असली तरी ६० दिसतात. म्हणून ६ ते ४ आणि १४ ते ४ असंही मोजा. दोन्हीकडे रेझिस्टन्स हजारांत यायला हवा. काही ओहमच दिसले तर वायर बॉडीला घासली आहे.

पायरी ६: व्होल्टेज

बॅटरी जोडा, चावी ऑन करा. लाइन जागी असेल तर मीटरवर कॅन-हाय साधारण २.६ ते २.८ आणि कॅन-लो २.२ ते २.४ दिसते. मीटर सरासरी दाखवतो, म्हणून ३.५ किंवा १.५ दिसणार नाहीत. दोन्हींची बेरीज ५ च्या आसपास यायला हवी.

दोन्हींवर अगदी सारखेच २.५ आणि आकडा जराही हलत नाही: वायरी एकमेकांना चिकटल्यात किंवा कोणीच बोलत नाही. पायरी ५ मधला ओहमचा आकडा त्यातलं कोणतं ते सांगेल. दोन्ही शून्याजवळ: एकतर लाइन झोपलीय, नाहीतर एक वायर बॉडीला लागलीय. दोन्ही १२ जवळ: एक वायर सप्लायला चिकटलीय. दोन्ही वायरी ६० ओहमने जोडलेल्या असल्यामुळे एक ओढली गेली की दुसरीही तिच्यामागे जाते. अशा वेळी दशांश चिन्हानंतरचे आकडे वाचा. जी वायर नेमक्या ०.०० वर किंवा नेमक्या बॅटरी व्होल्टेजवर आहे ती शॉर्ट झालेली, थोडी मागे असलेली दुसरी.

पायरी ७: एकेक करून वेगळं काढा

लाइन शॉर्ट आहे हे कळलं, आता कुठे? मीटर पोर्टवरच ठेवा आणि एकेक मॉड्यूलचा कपलर काढत जा. प्रत्येक वेळी चावी बंद करून. बाहेरून बसवलेल्या वस्तूंपासून सुरुवात करा, कारण काळ्या टेपने गुंडाळलेले जोड तिथेच सापडतात. त्यानंतर पाणी पोचतं त्या जागा: एबीएस, हेडलाइटमागची वायरिंग, ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट, डिकीतला कोपरा, दरवाज्याची रबरी नळी. एखादा कपलर काढताच व्होल्टेज जागेवर आलं तर दोष त्या मॉड्यूलमध्ये किंवा त्याच्या फांदीत आहे. मॉड्यूल बाहेर ठेवून फांदीची वायर मोजा, म्हणजे दोघांपैकी कोण ते नक्की होईल.

१२० ओहमचा रेझिस्टर आत असलेलं मॉड्यूल काढलं की ६० चे १२० होणारच, तो बिघाड नव्हे. आणि काही गाड्यांत मुख्य लाइन मॉड्यूलच्या आतून पुढच्या मॉड्यूलकडे जाते. तिथे कपलर काढला की पुढची सगळी मॉड्यूल तुटतात. डायग्राम बघून त्या पिना योग्य जंपरने जोडल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना हात लावायचा असेल तर बॅटरी काढून, कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबूनच. एअरबॅगवर ओहममीटर कधीही लावायचा नाही, ती फुटू शकते. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी वायरींपासून, त्याचं प्रशिक्षण घेतलेलं नसेल तर लांबच राहा.

मधूनच येणारा बिघाड

सगळ्यात जास्त वेळ हाच खातो. गाडी गॅरेजमध्ये ठणठणीत, घाटात मात्र दिवे लागतात आणि चावी बंद-चालू केली की पुन्हा बरी. असं का होतं, याचं उत्तर कॅनच्या नियमांत आहे. प्रत्येक मॉड्यूल स्वतःच्या चुका मोजतं. पाठवताना संदेश बिघडला की त्याची मोजणी ८ ने वाढते, नीट गेला की १ ने कमी होते. मोजणी २५५ च्या पुढे गेली की ते मॉड्यूल स्वतःला लाइनवरून बाजूला काढतं, म्हणजे बस-ऑफ होतं. परत कसं आणि कधी यायचं, ते कंपनीने त्यात लिहिलेल्या प्रोग्रॅमवर अवलंबून. चावी फिरवली की मोजणी शून्यावर येते आणि मॉड्यूल पुन्हा बोलायला लागतं. म्हणून ‘चावी फिरवली की ठीक होतं’ हे ऐकून मॉड्यूलचं सॉफ्टवेअर बिघडलंय असं ठरवू नका. घाटातल्या हादऱ्यांनी हलणारी एखादी पिनही नेमकं हेच लक्षण दाखवते.

अशा वेळी बिघाड घडवून आणावा लागतो. एकजण स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघतो, दुसरा वायरिंग तुकड्या-तुकड्याने हलवतो, कपलर ओढून बघतो. गरम हवा आणि पाण्याचा बारीक फवाराही उपयोगी पडतो. फवारा फक्त जिथे एरवी पाणी पोचतं तिथेच मारा. पिनेची पकड ढिली झालीय का, हे त्याच मापाची सुटी पिन अडकवून बघितलं की हाताला कळतं.

इथे ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) असेल तर काम खूप सोपं होतं. ५०० केबीपीएसच्या (सेकंदाला ५ लाख बिट वेगाच्या) लाइनवर एक बिट २ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणून स्क्रीनच्या एका घराला १० ते २० मायक्रोसेकंद ठेवा. दोन चॅनेलवर हाय आणि लो एकमेकींची आरशातली प्रतिमा दिसायला हव्यात. एकच लाइन उठतेय आणि दुसरी सपाट असेल तर तुटलेली वायर कोणती ते तिथेच दिसतं. कोपरे गोलावलेले किंवा लहरी उठलेल्या असतील तर टोकाचा रेझिस्टर आणि पाणी शिरलेले जोड तपासा.

ट्रक-बसमध्येही विचार हाच. तिथे जे१९३९ ही पद्धत असते, वेग २५० किंवा ५०० केबीपीएस. नऊ पिनांच्या गोल कपलरमध्ये सी पिन हाय आणि डी पिन लो. ६० ओहमचा हिशेब तसाच.

सुरुवातीच्या तक्रारीवर हे लावून बघू

एबीएस उत्तर देत नाही. इंजिन, मीटर, स्टेअरिंग तिघांतही यू०१२१, आणि तो चालू कोड. बॅटरी १२.६. पोर्टवर ६० ओहम, हाय २.७, लो २.३. म्हणजे मुख्य लाइन निर्दोष, तपास एबीएसपुरता मर्यादित. त्याचे फ्युज चांगले, कपलरवर दोन्ही सप्लाय आहेत. बल्ब सप्लाय आणि बॅटरी निगेटिव्हमध्ये पूर्ण पेटतो, पण सप्लाय आणि मॉड्यूलच्या अर्थ पिनमध्ये लावला की जेमतेम लाल होतो. अर्थची वायर धरून मागे गेलं की ती हेडलाइटखालच्या बोल्टवर येते. आयलेटखाली हिरवा गंज साठलेला. साफसफाईला अर्धा तास, खर्च नगण्य. स्पीडोमीटर का पडला होता? चाकांचा वेग एबीएस वाचतं आणि कॅनवरून मीटरला देतं. ते गप्प झालं की काटाही पडतो.

वायर जोडायची तर

कॅनच्या वायरी पिळलेल्या असतात त्या गोंधळ टाळण्यासाठी. जोडताना दीड-दोन इंचांपेक्षा जास्त पीळ सोडू नका, जोड झाल्यावर पुन्हा पिळा. दोन्ही वायरींचे जोड शेजारी-शेजारी न करता मागेपुढे करा, दोन्हींची लांबी सारखी ठेवा. नीट क्रिंप किंवा सोल्डर करून आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. नुसती टेप एक पावसाळाही टिकणार नाही. वायरीचं आवरण टोचून तपासायची सवय सोडा, त्या भोकातून पाणी आत झिरपतं आणि काही महिन्यांनी तांबं काळं पडतं. उंदरांचा त्रास असेल तर जोडलेल्या भागावर कॉरुगेटेड नळी घाला आणि बोनेटखालचं घरटं साफ करा.

मॉड्यूल बदलायची वेळ खरंच आली तर

सप्लाय आणि अर्थ बल्बच्या भाराखाली टिकले, हाय आणि लो मॉड्यूलच्या पिनेपर्यंत सलग आहेत, पिनांची पकड घट्ट आहे, बाकीचे सगळे बोलताहेत, आणि तरीही हे एकच गप्प, किंवा तेच लाइन खाली ओढतंय. आता मॉड्यूलवर बोट ठेवा. ते खोलून आत पाणी शिरलंय का ते बघा. शिरलं असेल तर कुठून आलं ते आधी बंद करा, नाहीतर नवंही तसंच जाईल.

जुन्या बाजारातलं मॉड्यूल घेताना पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. इंजिन ईसीयू, बॉडी कंट्रोल आणि मीटर कन्सोल बहुतेक गाड्यांत इमोबिलायझरशी (चोरी टाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कुलपाशी) आणि गाडीच्या चॅसिस नंबरशी बांधलेले असतात, नुसते बसवून गाडी सुरू होणार नाही. कोडिंग कोण करून देणार, हे पैसे मोजण्याआधी ठरवा. कोडिंग चालू असताना बॅटरीला स्थिर सप्लाय देणारा चार्जर लावा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवं मॉड्यूलही निकामी होऊ शकतं.

काम झाल्यावर कोड क्लिअर करा, चावी काही वेळा बंद-चालू करा, खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडी फिरवून आणा आणि पुन्हा पूर्ण स्कॅन करा. बॅटरी काढली असेल तर स्टेअरिंग अँगल आणि काचांचं ऑटो-अप पुन्हा शिकवावं लागतं का ते बघा. पहिलं स्कॅन, शेवटचं स्कॅन आणि मोजलेले आकडे जॉब कार्डला जोडून मालकाच्या हातात द्या.